हरणापर्यंतचं अंतर

माळावर काळविटांचा कळप चरत असतो आणि लांबून एक बैलगाडी येते. माद्या माना वर करतात, क्षणभर बघतात आणि पुन्हा गवतात तोंड घालतात. गाडीत त्यांना नवं काही नाही. कडबा नेणारी, शेणखत टाकून परतणारी अशीच गाडी त्या रोज पाहतात. ही गाडी मात्र कुठल्याच शेताकडे वळत नाही. ती कळपाभोवती मोठा वळसा घेते, मग थोडा लहान, मग आणखी लहान. कळपाकडे सरळ ती एकदाही येत नाही. गाडीवर डोळ्यांना कातडी टोपी बांधलेला चित्ता बसलेला असतो. अंतर शंभरेक पावलांवर आलं की चित्तेवान टोपी काढतो आणि गळ्यातली दोरी सोडतो. चित्ता पलीकडच्या बाजूनं खाली उतरतो, गाडीच्या आडोशानं दबकत चार पावलं टाकतो आणि मग सुटतो. पुढचं सगळं अर्ध्या मिनिटात संपतं. एक तर काळवीट खाली आलेलं असतं, नाही तर चित्ता धापा टाकत बसलेला असतो आणि त्या दिवशी त्याला पुन्हा लगेच सोडण्यात अर्थ उरत नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर संस्थानात अशी शिकार होत असे. राजर्षी शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर बसले आणि १९२२ मध्ये निवर्तले. त्यांना चित्त्यांचा मोठा शौक होता. त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या राजाराम महाराजांनीही तो चालू ठेवला. भारतातले चित्ते तोवर मिळेनासे झाले होते, म्हणून कोल्हापूर आणि भावनगर या दोन संस्थानांनी ते आफ्रिकेतून बोटीनं मागवले. १९१८ ते १९४५ या काळात भारतीय संस्थानिकांनी मिळून सुमारे २०० आफ्रिकी चित्ते आणवले. वन्यजीवांचे इतिहासकार दिव्यभानुसिंह यांनी या साऱ्याचा बारकाईनं मागोवा घेतला आहे.

आज अमेरिकेत एखादा शिकारी दुकानात लाख-दीड लाखाचं कंपाउंड धनुष्य हातात घेऊन उभा राहतो आणि हरणासाठी एवढा खर्च करावा का, असा विचार करतो. त्याचा प्रश्न कोल्हापूरच्या माळावर फार आधी तपासून झाला आहे. हरणाच्या शिकारीसाठी माणसानं वापरलेल्या साधनांत चित्त्याइतकं महाग क्वचितच काही असेल. एकेका चित्त्यामागे दोन-तीन माणसं लागत. रोजचं ताजं मांस, गाडी, बैल आणि शिकवणीचे महिने हा खर्च वेगळा. त्यात चित्त्याची पैदासही घरी होत नसे. राजे-बादशहांनी शेकडो वर्षं चित्ते पाळले, पण पाळीव चित्त्यांना पिल्लं झाल्याची जुन्या काळातली एकच ठळक नोंद सापडते, ती जहांगीरच्या आठवणींतली. त्यामुळे प्रत्येक चित्ता रानातून धरूनच आणावा लागे, आणि तोही मोठा झालेला. लहानपणापासून माणसाच्या हातावर वाढलेल्या पिल्लाला शिकार येत नाही. ती त्याला आईच शिकवते.

एवढं करून मिळत काय होतं? तर वेग. चित्ता ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास धावतो आणि काळवीट ऐंशीच्या. म्हणजे चित्ता वरचढच. पण त्याचा दम तीन-चारशे मीटरमध्ये संपतो, काळविटाचा संपत नाही. म्हणून पृथ्वीवरच्या सर्वांत वेगवान जनावरालाही कळपाजवळ न्यायला ताशी तीन किलोमीटर चालणारी बैलजोडीच लागत होती. शिकार फसायची ती बहुतेक वेळा अंतरामुळे. गाडी पुरेशी जवळ गेलेली नसे, किंवा वाऱ्यानं दगा दिलेला असे.

इथं एका शब्दाचा खुलासा करायला हवा. प्राणिशास्त्र काळविटाला खऱ्या हरणांत धरत नाही. त्याची शिंगं आतून पोकळ असतात आणि जन्मभर टिकतात. सांबर, चितळ, भेकर यांची शिंगं भरीव असून दरवर्षी गळतात आणि नवी येतात. मराठी माणूस मात्र या सगळ्यांना हरीणच म्हणतो. या प्रकरणातही तसंच म्हटलं आहे.

त्याच माळावर त्याच काळविटांमागे आणखी एक माणूस असे. तो फासेपारधी. त्याच्याजवळ ना चित्ता, ना बंदूक. त्याच्या झोळीत फास असत. तात किंवा चिवट दोरी पिळून केलेल्या या गाठींच्या माळा लाकडी खुंट्यांनी जमिनीत ठोकायच्या. कळप कुठल्या वाटेनं पाण्यावर जातो, बिथरला की कुठल्या बाजूला वळतो, पुढे नर असतो की जाणती मादी, हे सगळं त्याला ठाऊक असे. फास मांडून झाले की तो शिकवलेल्या बैलाच्या किंवा गायीच्या आडोशानं कळपाला हळूहळू त्या बाजूला रेटत नेई. जनावराच्या पोटाआडून चालणारा माणूस हरणाच्या नजरेत भरत नाही. साधनाचा खर्च जवळजवळ शून्य. मात्र त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांनी साठवलेली माहिती होती.

छत्रपतींची गाडी आणि पारध्याची गाय ही एकच युक्ती आहे. दोघांनीही हरणाच्या परिचयाचा आडोसा घेतला आणि त्याच्यापर्यंतचं अंतर तोडलं. शाहू महाराजांनी या समाजाची पारख केली, हेही इथं सांगायला हवं. इंग्रजी अंमलात ज्या जमातींवर जन्मानंच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला होता, त्यांतल्या फासेपारध्यांना त्यांनी पहारेकरी म्हणून कामावर घेतलं. रोज चावडीवर हजेरी लावण्याची सक्ती त्यांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात बंद केली. स्वतंत्र भारतात गुन्हेगार जमाती कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. माळावरचं जनावर ओळखणाऱ्या माणसाची किंमत माळ हिंडलेल्या राजाला कळली होती.

आता धनुष्याकडे वळू. उत्तर महाराष्ट्रातल्या भिल्लांचा तिरकामठा बांबूचा. दोरीही बहुधा बांबूच्याच सालीची. असलं धनुष्य जितकं मागे खेचावं तितकं जड होत जातं आणि पूर्ण ताणल्यावर सगळ्यांत जड लागतं. त्यामुळे नेम धरून थांबायला उसंतच मिळत नाही. ताणायचं आणि सोडायचं. हजारो वर्षं जगातली सगळी धनुष्यं अशीच होती.

हे बदललं अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या होलेस विल्बर ॲलन नावाच्या शिकाऱ्यानं. त्यानं धनुष्याची टोकं कापून तिथं चाकं बसवली. चाकांचे आस मधोमध न ठेवता मुद्दाम एका बाजूला सरकवले आणि दोरी त्यांवरून उलटसुलट ओवली. त्यानं १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ च्या डिसेंबरात त्याला पेटंट मिळालं. हेच कंपाउंड धनुष्य. खेच सुरू झाली की वजन वाढतं, अर्ध्या वाटेवर शिखर गाठतं आणि मग चाकं फिरली की धपकन उतरतं. साठ पौंडांच्या, म्हणजे साधारण २७ किलोंच्या धनुष्यात पूर्ण खेचीला हातावर जेमतेम साडेपाच किलो उरतात. बाकीचं ओझं चाकं आणि तारा पेलतात. ऊर्जा मात्र धनुष्याच्या पात्यांत पुरेपूर साठलेली असते.

शिकाऱ्याच्या दृष्टीनं ही क्रांतीच होती. हरीण झाडाआड गेलं आणि तिथंच घुटमळलं, तर साध्या धनुष्याची दोरी पुन्हा सैल सोडावी लागते. ही हालचाल हरणाला दिसते आणि खेळ संपतो. कंपाउंड ताणून माणूस मिनिटभर निश्चल राहू शकतो. पण हा फायदा सर्वांत स्वस्त कंपाउंडमध्येही मिळतो, आणि महाग-स्वस्ताचा सगळा निवाडा इथेच लागतो. अमेरिकेत चारशे ते सहाशे डॉलरना, म्हणजे पस्तीस ते पन्नास हजार रुपयांना, नेमयंत्र आणि बाण ठेवायची घडवंची यांसह तयार संच मिळतो. नामांकित कंपन्यांचं त्या वर्षीचं सर्वांत वरचं मॉडेल बाराशे डॉलरच्या पुढे जातं. कार्बनच्या बांध्याचं असेल तर त्याहूनही बरंच वर, आणि त्यात बाकीचं साहित्य धरलेलंच नसतं. थांबता येण्याची सोय पहिल्या पन्नास हजारांतच हाती आलेली असते. पुढच्या लाखात वजन थोडं कमी होतं, हादरा कमी बसतो, आवाज दबतो आणि बाणाला थोडा जास्त वेग मिळतो.

तो वेग किती कामाचा, हे शाळकरी गणितानं पडताळता येतं. साध्या कंपाउंडचा बाण सेकंदाला ९१ मीटर जातो आणि महागड्याचा १०४, असं धरू. अमेरिकेतले शिकारी झाडावर बांधलेल्या मचाणावर बसतात आणि बहुतेक हरणं वीस-तीस यार्डांत टिपतात. वीस यार्ड म्हणजे १८ मीटर. एवढ्या अंतराला स्वस्त धनुष्याचा बाण ०.१९८ सेकंद घेतो आणि महागड्याचा ०.१७३. फरक सेकंदाच्या साधारण चाळिसाव्या भागाएवढा. पापणी लवायलाही याच्या चौपट वेळ लागतो.

पण हरणाच्या बाजूनंही हिशेब मांडायला हवा. दोरी सुटल्याचा आवाज सेकंदाला ३४० मीटर वेगानं जातो, म्हणजे बाणाच्या कितीतरी आधी पोचतो. दचकलेलं हरीण उडी घेण्याआधी पाय सैल सोडून अंग खाली टाकतं. उसळी मारायची ती त्याची तयारी असते. या हालचालीत बाण पाठीवरून निघून जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलतीकडे लागतो. समजा, आवाज कानावर पडून अंग हलायला ०.१२ सेकंद लागतात आणि नंतर शरीर नुसतं गुरुत्वाकर्षणानं खाली जातं. हरीण चाळीस मीटरवर असेल, तर साध्या धनुष्याचा बाण पोचेपर्यंत ते सुमारे २० सेंटिमीटर खाली गेलेलं असेल. महागड्या धनुष्याचा बाण थोडा लवकर येईल, तरी ते १० सेंटिमीटरच्या आसपास खाली गेलेलं असेल. आणि अठरा मीटरवर? तिथं स्वस्त धनुष्याच्या बाणापुढेही त्याला अर्धा सेंटिमीटरसुद्धा खाली जायला वेळ नाही.

हरणाचं फुप्फुस आणि हृदय ज्या जागेत असतं, तिचा व्यास वीस-पंचवीस सेंटिमीटरचा. त्यामुळे चाळीस मीटरवर वेगाचा उपयोग नाही असं म्हणता येणार नाही, तो आहे. पण लाखाचं धनुष्य जेवढं कमावून देतं, त्याच्या कितीतरी पट बावीस मीटर पुढे सरकणारा माणूस कमावतो, आणि तेही फुकट.

फुकट खरं, पण सोपं नाही. वारा हरणाकडून आपल्याकडे यायला हवा. वाळक्या पानांवर पाय पडता कामा नये. तासन्‌तास हलायचं नाही. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस, इशी, १९११ मध्ये उघड्या जगात आला. त्याच्याकडून डॉक्टर सॅक्स्टन पोप धनुर्विद्या शिकले आणि अमेरिकेतली आधुनिक धनुष्य-शिकार बरीचशी तिथूनच सुरू झाली. इशीचं धनुष्य हाती घडवलेलं, आजच्या मानानं अगदी हलकं. तो सहसा दहा-वीस यार्डांच्या आत गेल्याशिवाय बाण सोडत नसे. कोल्हापूरचा फासेपारधी आणि तो भेटले असते, तर त्यांना एकमेकांची भाषा कळली नसती, पण कुणी कुठून वारा चुकवून यायचं हे दोघांनी खुणांनी ठरवलं असतं.

ताकदीचा मुद्दाही दुकानात उगाच मोठा करून सांगितला जातो. बाण गोळीसारखा धक्क्यानं मारत नाही. त्याचं पातं चिरत जातं आणि रक्तस्रावानं मृत्यू येतो. त्यामुळे पात्याची धार वस्तऱ्यासारखी असणं आणि बाण नेमक्या जागी लागणं, या दोनच गोष्टी निर्णायक ठरतात. ईस्टन या बाण बनवणाऱ्या कंपनीच्या प्रचलित तक्त्यात हरणासाठी २५ ते ४१ फूट-पौंड ऊर्जा पुरेशी धरलेली आहे. पंचवीस ग्रॅमचा बाण सेकंदाला ९० मीटर वेगानं गेला तर त्यात सुमारे ७५ फूट-पौंड असतात. म्हणजे स्वस्त धनुष्यातही गरजेच्या दुपटीच्या घरात ताकद भरलेली आहे. अमेरिकेतली अनेक राज्यं हरणासाठी किमान चाळीस पौंडांचं धनुष्य मागतात आणि तेवढ्यावर काम भागतं. जास्त जड धनुष्य ताणताना हात थरथरला, तर फायद्याच्या जागी नुकसान होतं, आणि ते जखमी होऊन रानात रात्रभर तडफडणाऱ्या जनावराला भोगावं लागतं.

मराठी वाचकानं आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. धनुष्यावर छापलेला वेग सत्तर पौंड वजन, तीस इंच खेच आणि हलका बाण धरून मोजलेला असतो. माणसाची खेच ढोबळमानानं त्याच्या उंचीला अडीचनं भागून काढतात. साडेपाच फूट उंचीच्या माणसाची खेच साडेसव्वीस इंचांच्या आसपास येते, आणि खेचीचा प्रत्येक इंच कमी झाला की वेग सेकंदाला सुमारे दहा फुटांनी घटतो. म्हणजे आपल्याकडच्या मध्यम उंचीच्या माणसानं जास्तीच्या वेगासाठी लाख रुपये मोजले, तरी त्यातला बहुतेक वेग त्याच्या हाताच्या लांबीतच हरवतो. शिवाय कंपाउंडची खेच चाकांनीच ठरलेली असते. ती अंगाला अर्धा इंच जरी चुकीची बसली, तरी महागडं धनुष्य स्वस्ताहून वाईट नेम देतं. म्हणून अमेरिकेतले जाणते शिकारी दोन-तीन वर्षांपूर्वीचं, बरंच उतरलेल्या किमतीचं मॉडेल घेतात, ते जाणकाराकडून अंगाला बसवून घेतात आणि उरलेले पैसे बाणांवर, पात्यांवर आणि सरावावर घालवतात. हरणासाठी सर्वांत वरचं धनुष्य घेण्याची गरज नाही, हा निर्णय या सगळ्यातून स्पष्टपणे निघतो.

अर्थात कोल्हापुरात हा निर्णय कुणालाही रानात नेऊन आजमावता येणार नाही. १९५१ च्या मुंबई वन्यपशू व वन्यपक्षी संरक्षण कायद्यात परवाना काढून शिकार करता येत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी ते दिवस संपवले. या कायद्यात ‘शिकार’ शब्दाचा अर्थ फार रुंद आहे. मारणं तर आलंच, पण फास लावणं, पकडणं, हाकून आणणं, आमिष दाखवणं आणि यांतलं काहीही करण्याचा प्रयत्न हीसुद्धा शिकारच. हत्यार बंदूक होती की बांबूचं धनुष्य, यानं फरक पडत नाही. काळवीट पहिल्या परिशिष्टात आहे. त्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. २०२२ च्या दुरुस्तीनं किमान दंडही दहा हजारांवरून पंचवीस हजारांवर गेला.

ज्या चित्त्यांनी कोल्हापूरच्या माळावर काळविटं पाडली, त्यांचं कूळ या देशातून आधीच संपलं होतं. आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात १९४७ मध्ये भारतातले शेवटचे तीन चित्ते गोळीला बळी पडले आणि १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला आणले गेले. आफ्रिकेतून चित्ते आणण्याची वाट कोल्हापूरनं शंभर वर्षांपूर्वी चोखाळली होती. हेतू तेवढा उलटा होता.

छत्रपतींच्या राखीव शिकारीच्या जंगलाचंही असंच झालं. दाजीपूरचं ते रान १९५८ मध्ये गव्यांचं अभयारण्य म्हणून जाहीर झालं. राज्यातलं ते सर्वांत जुनं अभयारण्य. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. सांबर आणि भेकर तिथं आजही आहेत. पहाटे कुत्र्यासारखं भुंकणं ऐकू आलं तर नवखा माणूस वस्ती जवळ आली असं समजतो. ते भेकर असतं. राजानं शिकारीसाठी राखलं म्हणून जंगल वाचलं आणि पुढे कायद्यानं शिकार काढून घेतली म्हणून जनावरं वाचली. ही दोन्ही विधानं खरी आहेत, आणि त्यांतलं एक गाळून दुसरं सांगणारा माणूस अर्धीच गोष्ट सांगतो.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरची गोष्ट वेगळी. वृक्षप्रेमी धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उघड्या डोंगरांवर झाडं उभी राहिली आणि १९८५ मध्ये तिथं अभयारण्य झालं. क्षेत्र जेमतेम अकरा चौरस किलोमीटर, आणि तिथं हरणं आणून सोडलेली. ती वाढली. सभोवतालच्या शेतकऱ्यांना पिकात शिरलेल्या कळपांचा त्रास सोसावा लागला. अमेरिकेत अशा ठिकाणी शिकारीचा हंगाम लावून हरणांची संख्या आवरतात. गावांच्या आणि उपनगरांच्या कडेला तर मुद्दाम धनुष्यालाच परवानगी देतात, कारण बाण गोळीसारखा कोसभर जात नाही. आपल्याकडे तो मार्ग नाही. रात्रीची राखण करणाऱ्या शेतकऱ्याचं दुःख खरं आहे. त्याच्यापाशी आज कुंपण, भरपाईचा अर्ज आणि जागरण एवढंच आहे.

महाराष्ट्रात कंपाउंड धनुष्य पोचलं ते रानाच्या वाटेनं नव्हे, मैदानाच्या. कोल्हापूरपासून महामार्गानं सव्वाशे किलोमीटरवर साताऱ्यात, उसाच्या शेतातल्या जागेवर उभ्या राहिलेल्या मैदानात, पोलीस दलातले प्रवीण सावंत मुलांना धनुर्विद्या शिकवू लागले. त्यांची शिष्या आदिती स्वामी हिनं ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९-१४७ असं हरवलं. आदिती तेव्हा सतरा वर्षांची होती. वरिष्ठ गटात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. आदल्याच दिवशी ज्योती सुरेखा वेन्नम आणि परनीत कौर यांच्यासह तिनं सांघिक सुवर्ण घेतलं होतं, आणि धनुर्विद्येच्या जागतिक स्पर्धेतलं ते भारताचं पहिलंच सुवर्ण. तिच्या वैयक्तिक विजेतेपदाच्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत विजेता झाला, १५० पैकी १५० गुण मिळवून. तोही साताऱ्याच्या त्याच मैदानावर तयार झालेला. पुढे हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ओजसनं तीन सुवर्णपदकं जिंकली.

इथं मघाचा हिशेब उलटतो. या खेळात लक्ष्य पन्नास मीटरवर असतं आणि दहा गुणांचं वर्तुळ अवघं आठ सेंटिमीटरचं. हरणाच्या छातीच्या मानानं पाहिलं तर व्यास निम्म्याहून कमी आणि अंतर जवळजवळ तिप्पट. पंधरा बाण मारायचे. त्यातला एक जरी वर्तुळाच्या रेषेबाहेर केसभर गेला, तरी जागतिक अंतिम सामना हातचा जाऊ शकतो. ओजसचा तो सामना १५०-१४९ असाच सुटला. लक्ष्य आपल्याकडे येत नाही आणि खेळाडूला एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. अंतर नियमानं बांधलेलं. धनुष्याचं वजनही साठ पौंडांच्या वर चालत नाही. जवळ जाण्याची पारध्याची विद्या इथं निरुपयोगी आहे. हादरा कमी बसणं, दर वेळी चाकं तंतोतंत एकसारखी फिरणं, दहा हजाराव्या बाणालाही दोरीनं पहिल्यासारखंच वागणं, या बारकाव्यांना इथं गुण मिळतात. शिकाऱ्याचे जे लाख रुपये वाया जातात, ते इथं कामी येतात. स्पर्धेचा पूर्ण संच अडीच-तीन लाखांच्या घरात जातो, बाणांचा खर्च चालूच राहतो, आणि आदितीच्या शिक्षक वडिलांसारख्या नोकरदार घरांना तो कर्ज काढून पेलावा लागतो.

कोल्हापूरची नेमबाजीही अशीच रानातून मैदानावर आली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. म्हणजे राजांच्या शिकारीच्या जंगलाचाच तालुका. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांनी त्याच्या आधी हे शहर नेमबाजांच्या नकाशावर नेलं होतं. कंपाउंड धनुष्याला ऑलिंपिकमध्ये आजवर जागा नव्हती. २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या स्पर्धेत मिश्र सांघिक प्रकारानं ती प्रथमच मिळते आहे, त्यामुळे साताऱ्यात, नागपुरात, बुलढाण्यात पालकांची चौकशी वाढणार हे उघड आहे.

अशा पालकांनी दुकानात जाण्याआधी मुलाची उंची मोजावी. दहा-बारा वर्षांचं मूल सुरुवातीला बांबूच्या भारतीय धनुष्यावर शिकतं. ते काही हजारांत येतं, आणि उभं राहणं, खांदा, श्वास, बोटांची सुटका यांचे धडे त्यावर पुरते गिरवता येतात. पुढच्या पाच-सहा वर्षांत ते मूल हातभर वाढतं आणि त्याची खेचही दरवर्षी बदलते. बाराव्या वर्षी अंगाला बसवलेलं तीन लाखांचं धनुष्य चौदाव्या वर्षी आखूड पडतं. खेच आणि वजन बदलता येणारं मधल्या किमतीचं कंपाउंड या वर्षांत चांगलं चालतं. दोरी आणि तारा दोन-तीन वर्षांनी बदलाव्या लागतात, म्हणून तेवढे पैसे आधीच बाजूला काढून ठेवावेत. आणि बाण न लावता रिकामी दोरी एकदाही सोडू देऊ नये, कारण बाणाकडे जाणारी सगळी ऊर्जा तेव्हा धनुष्यातच राहते आणि पाती तडकतात. राज्य पातळीवर मुलाचे गुण स्थिर होऊ लागले आणि उंची थांबली, की मग प्रशिक्षकाला बरोबर घेऊन वरच्या मॉडेलकडे बघावं.